आमच्या बॉटनीचा गुणगौरव

कॉलेजचं गॅदरिंग आणि डिपार्टमेंटचा गुणगौरव ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला विचाराल तर दुसरी जास्त महत्त्वाची. गॅदरिंगला मोठा मांडव, मोठे पाहुणे, फिशपाँड, साडी डे सगळं असतं आणि असावंच, पोरांचं वयच आहे ते. पण तिथे बक्षीस वाटताना माइकवरून जो नाव पुकारतो त्याला त्या नावाचा चेहरा माहीत नसतो, हातात यादी असते, यादी वाचली जाते, टाळ्या वाजतात, पुढचं नाव. डिपार्टमेंटच्या कार्यक्रमात माइक ज्यांच्या हातात असतो त्यांनी त्या पोरीची जर्नलं तीन-तीन वर्षं तपासलेली असतात. हिचा सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायला ब्लेडनं घेतलेला काप, एकदम पातळ येतो, व्हायव्हाला म्हणजे तोंडी परीक्षेला बसली की हिचा आवाज जातो, हा पोरगा सकाळी दूध घालून साडेसातच्या लेक्चरला येतो आणि तरी पहिल्या बाकावर बसतो, हे सगळं त्यांना माहीत असतं. त्या माहितीतून घेतलेलं नाव आणि यादीतून वाचलेलं नाव ह्यात किती फरक आहे ते ज्याचं नाव घेतलं जातं त्यालाच कळतं.

मी बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही नाशकातच केलं, बॉटनीमध्ये, आणि आता पिंपळगाव बसवंतजवळ एका माती आणि पानदेठ परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. द्राक्षवाले शेतकरी देठांच्या पुड्या घेऊन येतात, आम्ही नत्र, स्फुरद, पालाश, बोरॉन वगैरे किती आहे ते काढून देतो. यावर्षी डिपार्टमेंटनं माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं होतं, फेब्रुवारीत, शनिवारी. लॅबमध्ये त्या दिवसांत उसंत नसते तरी सुट्टी काढली आणि गेले, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतेय.

कार्यक्रम हॉलमध्ये नव्हता, आमच्या मोठ्या लॅबमध्येच होता. हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला होता असं कळलं पण मला तर तेच बरं वाटलं, कारण हॉलमध्ये गेलं की कार्यक्रम कुणाचाही होतो, लॅबमध्ये तो बॉटनीचाच राहतो. स्टुलं भिंतीला लावलेली, मधे खुर्च्या, कपाटातल्या बरण्या तशाच मागे, फॉर्मॅलिनचा तो वास जो एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. दारात रांगोळी होती, आणि रांगोळी म्हणजे जास्वंदीचा फ्लोरल डायग्राम, फुलाचे भाग आडव्या कापात दिसतात तसे मांडलेली आकृती! बाहेर एपिकॅलिक्स म्हणजे फुलाखालचं सगळ्यात बाहेरचं हिरवं कडं, मग पाच संदलं, मग पाच पाकळ्या एकमेकींवर एका बाजूनं चढलेल्या, मधे पुंकेसरांचं कडं आणि एकदम आत पाच कप्प्यांचा अंडाशय. एफवायची म्हणजे पहिल्या वर्षाची दोन पोरं रांगोळीपाशी उभी राहून वाद घालत होती की पाकळ्यांचा पीळ बरोबर फिरलाय का, आणि शेवटी एक जण बाहेर जाऊन खरी जास्वंद तोडून घेऊन आला आणि तिथेच उकिडवा बसून बघायला लागला. मला वाटतं कार्यक्रम तिथेच सुरू झाला होता, दीपप्रज्वलन नंतर झालं.

पाहुण्यांना गुच्छ न देता रोपं दिली. एकेकाळी ज्या नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे तिथे फुलांचा तुटवडा कधीच नव्हता, पण प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ संध्याकाळी कचऱ्यात जातो हे बॉटनीवाल्यांनी तरी बघवून घेऊ नये. रोपं डिपार्टमेंटच्याच बागेतली, कमवा व शिका योजनेतली पोरं जी बाग सांभाळतात तिथली. प्रत्येक रोपाला चिठ्ठी, चिठ्ठीवर झाडाचं नाव, शास्त्रीय नाव, कुटुंब, आणि खाली रोप वाढवणाऱ्या मुलाचं नाव. ते खालचं नाव माझ्या फार लक्षात राहिलं, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आमच्या डिपार्टमेंटला पोरं येतात कुठून कुठून हे सांगितल्याशिवाय ह्या कार्यक्रमाचं काही कळणार नाही. नाशिक जिल्ह्याचे 15 तालुके, आणि एका जिल्ह्यात एवढा फरक असेल असं बाहेरच्याला खरं वाटत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे पाऊस 2000 मिलिमीटरच्या वर जातो आणि येवला-नांदगावकडे 500 च्या आसपास पावसात वर्ष काढायचं असतं. निफाड-दिंडोरीत द्राक्षं, लासलगावकडे कांदा, कळवण-सटाण्याकडे डाळिंब, पेठ-सुरगाण्याकडे नागली आणि जंगल. 1924 साली एचपीटी कॉलेज सुरू झालं तेव्हापासून ह्या सगळ्या भागातली पोरं शिकायला नाशकात येतात, पुणे विद्यापीठ तर त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1949 ला आलं. कुणी हॉस्टेलला, कुणी मावशीकडे, कुणी रोज एसटीचा पास काढून, सीबीएसच्या एसटी स्टँडला उतरून तिथून पुढे शेअर रिक्षा.

तर आमच्या डिपार्टमेंटची एक जुनी पद्धत आहे, एफवायला प्रवेश घेतला की पहिल्या पावसाळ्यात प्रत्येकानं आपल्या गावाकडचं एक झाड आणायचं, नीट दाबून, वाळवून, हर्बेरियम शीट करून. साधारण 29 बाय 42 सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर झाड शिवलेलं किंवा चिकटवलेलं, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. गुणगौरवाच्या दिवशी ह्या शीट्स तालुक्याप्रमाणे भिंतीवर लावतात. ह्या वर्षी एका भिंतीवर येवल्याकडचा तरवड आणि त्याच्या शेजारी त्र्यंबककडचा ऐन, दोन्हींच्या पानांचा आकार बघितला तरी पाऊस किती पडतो ते कळावं. पालक येतात आणि आपल्या तालुक्यापाशी जाऊन उभे राहतात. एक आजोबा शीटवरच्या झाडाकडे बघून शेजारच्याला सांगत होते की हे आमच्या बांधावरचंय, आमच्या बांधावरचंच. असं तीनदा-चारदा तरी म्हणाले असतील.

गुणवत्ता यादीतल्या बक्षिसांबद्दल फार लिहित नाही. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक वर्गातून, सीजीपीए-सकट. मार्क मिळवायला कष्ट लागतात, त्याचा मान व्हायलाच पाहिजे, झाला, पटापट झाला. पण ह्या तीन नावांच्या पलीकडे वर्गात जी पन्नास-साठ पोरं बसलेली असतात त्यांच्याकडे डिपार्टमेंटनं बघितलंय का, हा प्रश्न असतो, आणि आमच्या आत्ताच्या एचओडी म्हणजे विभागप्रमुख मॅडमनी त्याचं उत्तर काढलंय. टीवायच्या म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या आणि एमएस्सीच्या प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल दोन-तीन ओळी लिहून वाचायच्या. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, एटीकेटी लागलेल्या म्हणजे विषय राहिलेल्यासुद्धा. आणि ओळींमध्ये "मेहनती, हुशार, आज्ञाधारक" असलं काही चालणार नाही, त्या मुलानं केलेलं एखादं काम सांगायचं. ह्या ओळी शिक्षक वाटून घेऊन लिहितात, महिनाभर आधीपासून लिहितात, आणि कुणाबद्दल काहीच सुचत नसेल तर त्याला बोलावून घेऊन गप्पा मारतात. मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा वाटलं, ह्या निमित्तानं का होईना वर्गातल्या प्रत्येक पोराशी एकदा तरी कुणीतरी नीट बोलतं, हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

त्या ओळींमधल्या काही मला आठवतायत. एकाबद्दल होतं की ह्यानं वर्षभर ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राचं, प्रेशर बघायचं काम न सांगता अंगावर घेतलं, टिश्यू कल्चरच्या बाटल्यांत बुरशी कमी झाली त्यात त्याचा वाटा आहे. एकीबद्दल होतं, बटाट्याच्या फोडीत पान धरून ब्लेडनं सेक्शन कापायला हिनं ज्युनिअर्सच्या अख्ख्या बॅचला शिकवलं. त्या मुलीला मी बघत होते, नाव घेतल्यावर ती उठलीच नाही, तिला वाटलं दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय. शेजारणीनं हाताला धरून उठवलं तिला.

आता हरसूलकडच्या त्या मुलीबद्दल. एमएस्सी पार्ट वनला आहे, आदिवासी पाड्यावरची, घरात शिकलेली पहिलीच. तिनं प्रोजेक्टला विषय घेतला शेवळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिला पाऊस पडला की जंगलात जमिनीतून कोंब वर येतात, त्या रानभाजीला शेवळं म्हणतात, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस, सुरणाच्याच कुळातली. चव अप्रतिम, पण नीट केली नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून आतला पिवळसर भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकड घालायचे. काकड म्हणजे गरुगा पिनाटा ह्या झाडाची आंबट फळं, बाजारात बाया शेवळांच्या जुडीबरोबर काकडाचा वाटा ठेवूनच बसतात.

हिनं काय केलं, जूनमध्ये घरी गेली तेव्हा शेवळं आणली, एफएएमध्ये म्हणजे फॉर्मॅलिन, ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवली, सेक्शन कापले, स्लाइड केल्या. मायक्रोस्कोपखाली पेशींमध्ये सुयांच्या जुड्याच्या जुड्या दिसतात, दोन्ही टोकांना अणकुचीदार. रॅफाइड्स, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. घशात टोचतात ते हेच. इथपर्यंत पुस्तकात आहे, कुणीही करेल. पण ही पोरगी इथे थांबली नाही. तिनं प्रोजेक्टच्या शेवटी लिहिलं, घरी सगळे म्हणतात काकडाच्या आंबटपणानं खाज जाते. पण माझे स्फटिक तर महिनाभर ॲसेटिक ॲसिड असलेल्या द्रवात होते, विरघळले नाहीत, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब सोडल्यावर विरघळले. मग काकड नेमकं करतं काय? आणि काकडानं सुया विरघळत नसतील तर आमच्या आजीच्या हातची भाजी खाजत का नाही?

मॅडमनी हे स्टेजवर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, ह्याचं उत्तर आम्हाला कुणालाच देता आलेलं नाही, आणि म्हणून डिपार्टमेंटचा ह्या वर्षीचा मोठा मान हिला. त्या क्षणी लॅबमध्ये जी टाळी पडली ना, ती पहिल्या नंबरालासुद्धा पडली नव्हती. मुलीची आजी आली होती, नऊवारी, हातावर गोंदलेलं, पहिल्या रांगेत बसवलं होतं तिला. मॅडमनी खाली उतरून तिला मायक्रोस्कोपपाशी नेलं आणि स्लाइड दाखवली. आजीनं बराच वेळ डोळा लावून बघितलं, मग मान वर करून नातीला म्हणाली, एवढ्या असत्यात होय. आणि परत डोळा लावला.

मला वाटतं विद्यापीठात शिकणं म्हणजे हेच असायला पाहिजे, आपल्या घरात जे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय त्याला प्रश्न विचारता येणं, आणि प्रश्न विचारताना घराची लाज न वाटणं. आम्ही शिकत होतो तेव्हा पेठ-सुरगाण्याकडची पोरं वर्गात गप्प बसायची. त्यांना जेवढी झाडं ओळखता यायची तेवढी आम्हा शहरातल्यांना नावंसुद्धा माहीत नव्हती, पण परीक्षेत त्याला एक मार्क नव्हता म्हणून त्यांना स्वतःलाही वाटायचं की आपल्याला काही येत नाही. गुणगौरवात डिपार्टमेंट सांगत असतं की आम्ही कशाला ज्ञान समजतो, आणि त्या दिवशी ते शेवळांकडे आणि काकडाकडे बोट दाखवून सांगितलं गेलं. समोर बसलेल्या एफवायच्या पोरांमध्ये अशी किती जण असतील ज्यांनी मनात म्हटलं असेल की अरे, हे तर आमच्याकडेपण आहे.

पालकांपैकी कुणीतरी बोलावं म्हणून निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांना माइक दिला. फेब्रुवारी म्हणजे ऐन काढणीचा हंगाम, व्यापारी दारात उभा, मजूर बागेत, आणि तरी ते दोन तास काढून आले होते. ते म्हणाले, वीस वर्षं झाली बागेला, ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की डाऊनी आणि भुरी ह्या रोगांच्या मागे रात्रंदिवस फवारे मारतोय, डाऊनीला पानाच्या खालच्या बाजूनं फवारा बसला पाहिजे हे दुकानदारानं सांगितलेलं म्हणून करायचो. दिवाळीत पोरगी एक जुना मायक्रोस्कोप कुठूनसा घेऊन आली आणि पानाची खालची बाजू दाखवली, तर पानाच्या बारीक भोकांमधून ती बुरशी फांद्या फुटल्यासारखी बाहेर आलेली. बास, म्हणाले, तेव्हा समजलं. त्यांच्या मुलीचं पोस्टर भिंतीवर होतंच, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण 1885 साली फ्रान्समधल्या बोर्डोमध्ये डाऊनीवर कसं लागू पडलं इथपासून सुरुवात, आणि शेवटी वडिलांच्या बागेतल्या पानांचे फोटो. माझं रोजचं काम असल्या बागायतदारांशीच असतं म्हणून असेल, पण मला ह्या माणसाचं बोलणं प्रमुख पाहुण्यांच्या भाषणापेक्षा कितीतरी मोलाचं वाटलं. दरवर्षी एका तरी पालकाला माइक द्यावा, आणि आधी द्यावा, सगळे दमल्यावर नको.

शिक्षकांच्या गौरवाकडे येते. इथे मला थोडं स्पष्ट लिहायचंय.

बहुतेक ठिकाणी शिक्षकांचा गौरव म्हणजे कुणाची पीएचडी झाली, कुणाचा पेपर आला, कुणाला प्रमोशन मिळालं, शाल-श्रीफळ, फोटो. त्यात गैर काही नाही. पण आज जवळपास कुठल्याही डिपार्टमेंटमध्ये जाऊन बघा, निम्म्याच्या आसपास तास कोण घेतं, प्रॅक्टिकलला उभं कोण असतं, तर सीएचबीवाले. तासिका तत्त्वावर नेमलेले, तासाचे पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या जूनला परत ऑर्डर येईल का माहीत नाही. सेट-नेट झालेले, पीएचडी झालेले, चाळिशीला आलेले लोक आहेत ह्यात. आणि निमंत्रण पत्रिकेवर, स्टाफच्या फोटोत, गौरवाच्या यादीत ह्यांची नावं बऱ्याचदा नसतात, कारण यादी "कायम" लोकांची असते. हे मी फक्त एका कॉलेजबद्दल म्हणत नाहीये, माझ्या ओळखीची अर्धी बॅच ह्यातच आहे आणि सगळ्यांचं दुखणं एक आहे. पगाराचं आहेच, पण त्याहून खोल जे दुखतं ते हे, की ज्या पोरांना वर्षभर शिकवलं त्यांच्यासमोर आपण ह्या डिपार्टमेंटचे कुणी नाही असं ठरतं.

ह्यावर्षी टीवायच्या पोरांनी हट्ट धरला की आमच्या सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे पेशी आणि गुणसूत्रांचा विषय शिकवणाऱ्या, मॅडमचा सत्कार आमच्या हातून झाला पाहिजे. ह्या मॅडम सीएचबीवर आहेत, ओझरवरून येतात-जातात. पोरांनी स्वतः ओळी लिहिल्या आणि त्यातल्याच एकानं वाचल्या, त्या अशा. मॅडमनी कांद्याच्या मुळाच्या टोकाची मायटोसिसची म्हणजे पेशी विभाजनाची स्लाइड आम्हाला दिसेपर्यंत सोडलं नाही, प्रॅक्टिकलची वेळ संपून गेली तरी थांबल्या, त्यांची बस गेली, पुढच्या बसची वाट बघत स्टॉपवर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढ्याच उत्साहानं आल्या. आमच्यातल्या प्रत्येकानं मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात तो टप्पा, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय, पुस्तकातल्या चित्रात नाही. एवढंच. मॅडम रडल्या. मॅडमच नाही, एचओडी मॅडमपण रडल्या, आणि मग त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की इथून पुढे ह्या डिपार्टमेंटमध्ये जो शिकवतो तो स्टाफ, पत्रिकेवर सगळ्यांची नावं आडनावाच्या क्रमानं येतील, कायम-तात्पुरतं असं काही लिहिलं जाणार नाही. जागा निघणं, भरती होणं हे डिपार्टमेंटच्या हातात नाही. पण नाव कसं आणि कुठे लिहायचं हे त्यांच्या हातात आहे आणि ते त्यांनी केलं. मला ह्या गोष्टीचं फार समाधान वाटलं.

आणि मामा. आमचे लॅब अटेंडंट, सगळ्यांचे मामा, ह्यावर्षी रिटायर झाले. ज्यांनी सायन्स केलंय त्यांना मामांचं महत्त्व सांगायला नको, प्रत्येक डिपार्टमेंटला एक मामा असतात ज्यांच्याशिवाय प्रॅक्टिकल होत नाही. आमच्या मामांची खासियत अशी की त्र्यंबकजवळचा अंजनेरीचा डोंगर त्यांना तोंडपाठ. फील्डला गेलो की सरांच्या हातात कूकच्या फ्लोराची झेरॉक्स असायची, म्हणजे 1901 ते 1908 मध्ये निघालेला मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ, आणि मामा पुढे चालत असायचे. सर त्यातली की, म्हणजे लक्षणं जुळवत नावापर्यंत जायची यादी, लावून ओळखायचे, मामा लांबून ओळखायचे. खरपुडी, ही कंदातून उगवणारी रानवनस्पती, दिसली की मामा आधी सगळ्यांना थांबवायचे, कुणी पाय देऊ नका, कुणी खणू नका, कंद निघाला की संपलं. सेरोपेजिया अंजनेरिका नावाची जी खरपुडी आहे, जिचं नाव अंजनेरीवरून आलंय, तिचं नवी प्रजाती म्हणून वर्णन 2006 साली प्रसिद्ध झालं, पण त्या कड्यांवरच्या खरपुड्यांना जपायचं मामा त्याच्या कितीतरी आधीपासून पोरांना शिकवत होते.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात त्र्यंबककडून आणलेलं झाड वाळवणं म्हणजे परीक्षा असते. हवाच ओली, पेपर बदलले तरी दुसऱ्या दिवशी परत दमट, आणि पानं काळी पडायला लागतात, बुरशी येते. मामा जुने पेपर घरी न्यायचे आणि रात्री इस्त्री करून कडकडीत सुकवून सकाळी परत आणायचे, गठ्ठा गोणपाटात गुंडाळून, सायकलला बांधून. मी स्वतः ते गरम पेपर प्रेसमध्ये लावलेत. आमच्या हर्बेरियममधल्या पावसाळी झाडांची पानं अजून हिरवट आहेत त्याचं कारण ती इस्त्री.

रोपांच्या चिठ्ठीवर वाढवणाऱ्याचं नाव होतं, पण हर्बेरियमच्या लेबलवर नाव कुणाचं असतं? कलेक्टरचं, म्हणजे सरांचं किंवा विद्यार्थ्याचं. मामांचं नाव हजारभर शीट्समध्ये कुठेच नाही. तर डिपार्टमेंटनं ठरवलं की मामांनी ज्या शीट्स केल्या त्यावर एक-एक छोटी चिठ्ठी लावायची. हर्बेरियममध्ये जुनं लेबल खोडायचं किंवा बदलायचं नसतं, पण नवी माहिती आली की शेजारी वेगळी चिठ्ठी चिकटवायची रीत सगळीकडे आहे, तारीख घालून. त्याच रीतीनं, "संकलन व जतन साहाय्य" आणि पुढे मामांचं पूर्ण नाव. एमएस्सीच्या पोरांनी पहिल्या शंभर शीट्सना चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या आणि सत्काराला शाल देण्याआधी तो गठ्ठा मामांच्या हातात दिला. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि वरची शीट बघून पहिलं वाक्य काय म्हणाले, तर डिंक जास्त लागलाय, वाळवी लागेल. लगेच दोन पोरांना घेऊन कपाटापाशी गेले आणि किती लावायचा ते दाखवायला लागले. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइक हातात घेऊन थांबली, आणि सगळेच थांबले, कुणाला घाई नव्हती.

त्यांच्या जागेवर नवीन माणूस येणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. आलाच पाहिजे. शाल देऊन भागणारं काम नाहीये ते. मामा म्हणालेत की पावसाळ्यात अंजनेरीला येईन म्हणून, पण वय झालंय, आणि कुणाच्या प्रेमावर डिपार्टमेंट चालवणं बरोबर नाही.

जेवायला मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि जिलबी, बागेत बसून. मी मुद्दाम त्या हरसूलच्या मुलीपाशी जाऊन बसले. तिला विचारलं पुढे काय करणार, तर म्हणाली जूनमध्ये तीन प्रकारे शिजवून बघणार, नुसत्या पाण्यात, चिंच घालून, काकड घालून, आणि तिन्हींच्या स्लाइड करणार. सुया तशाच राहतात का, मोडतात का, की पेशीतून बाहेरच पडत नाहीत. हे तिनं सगळं स्वतः ठरवलेलं. फक्त काकडाच्या रसाचा पीएच नीट मोजायला डिपार्टमेंटचा मीटर बिघडलेला आहे आणि कॅल्शियम मोजायची सोय नाही. आमच्या लॅबमध्ये दोन्ही आहे, दिवसभर आम्ही देठातलं कॅल्शियमच तर काढत असतो. सोमवारी आमच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले जूनमध्ये काम कमीच असतं, येऊ दे तिला, केमिकलचा खर्च लॅब करेल. मुलीला फोन करून सांगितलं. पिंपळगावला यायची एसटी कुठून मिळते ते तिनं लगेच विचारून घेतलं.

एचओडी मॅडमशी पण बोलणं झालं, पुढच्या वर्षीची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्या म्हटलं, 3 जानेवारी सावित्रीबाईंची जयंती असते, त्याला जोडून. फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीच्या पालकांना बाग सोडून येणं खरंच अवघड जातं, ह्यावेळी त्या बाजूच्या तालुक्यांच्या भिंतीपाशी गर्दी कमी होती ती त्यामुळेच. मॅडमना पटलंय. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर तारीख डोक्यात ठेवा, आणि मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा चांगला माणूस कुणाच्या ओळखीत असेल तर डिपार्टमेंटला नंबर द्या, चार बंद पडलेत. काकड मात्र मला भरपूर लागणार आहेत, पेठ किंवा हरसूलच्या बाजारात दिसायला लागले की कळवा, मी गाडी घेऊन येते.